जुडगा तोच, कंबर वेगळी

१२ एप्रिल २०२४. वॉशिंग्टनला अमेरिकी प्रतिनिधिगृहात एका दुरुस्तीवर मतदान झालं आणि फलकावर आकडे उमटले. बाजूने २१२, विरोधात २१२. मतं समसमान पडली की प्रस्ताव नामंजूर, असा तिथला नियम आहे. त्यामुळे प्रस्ताव पडला. एका मताने काही जिंकणं-हरणं अमेरिकेत नवं नाही. नवल होतं ते त्या आकड्यांच्या पोटातल्या आकड्यांचं. बाजूच्या २१२ मतांत १२८ रिपब्लिकन होते आणि ८४ डेमोक्रॅट. विरोधातल्या २१२ मध्ये ८६ रिपब्लिकन आणि १२६ डेमोक्रॅट. ज्या देशात करोनाचा मास्क लावायचा की नाही हेसुद्धा पक्ष पाहून ठरत होतं, तिथे या एका प्रश्नावर दोन्ही पक्ष मधोमध चिरले गेले होते.

दुरुस्ती मांडणारे अँडी बिग्ज हे अ‍ॅरिझोनाचे कडवे उजवे रिपब्लिकन. त्यांच्या जोडीला प्रमिला जयपाल: जन्म चेन्नईचा, मतदारसंघ सिअ‍ॅटलचा, आणि डेमोक्रॅटिक पक्षातल्या डाव्या गटाच्या तेव्हाच्या नेत्या. एरवी हे दोघं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. समोरच्या रकान्यात रिपब्लिकन सभापती माइक जॉन्सन आणि डेमोक्रॅट माजी सभापती नॅन्सी पलोसी. त्यांचंही नेमकं तसंच.

प्रश्न तसा एका ओळीचा होता. गुप्तचरांनी जमवलेल्या साठ्यात एफबीआयला एखाद्या अमेरिकी माणसाचे संदेश शोधायचे असतील, तर आधी न्यायाधीशाकडून वॉरंट आणावं की नको?

हा साठा ज्या तरतुदीमुळे तयार होतो तिला तिथे नुसतं ‘सातशे दोन’ म्हणतात. परकी हेरगिरीवर पाळत ठेवण्याच्या कायद्यात २००८ साली घातलेलं हे कलम ७०२. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या बिगर-अमेरिकी माणसाचे ईमेल, संदेश आणि फोन अमेरिकी कंपन्यांकडून मिळवण्याची मुभा ते सरकारला देतं. प्रत्येक माणसामागे वेगळं वॉरंट लागत नाही. एक गुप्त न्यायालय वर्षातून एकदा कार्यपद्धतीला मंजुरी देतं, एवढंच. २०२३ साली अशा लक्ष्यांची संख्या २ लाख ६८ हजारांच्या वर होती.

मेख इथेच आहे. लक्ष्य कैरोतलं असो की कराचीतलं, तो माणूस कोणाशी तरी बोलणारच, आणि पलीकडचा माणूस शिकागोत बसलेला अमेरिकी नागरिक असू शकतो. त्याचं बोलणंही मग आपोआप साठ्यात येतं. पुढे एफबीआयचा अधिकारी त्या साठ्यात शिकागोवाल्याचं नाव टाकून शोधू शकतो. त्याच्या घरात शिरायचं तर वॉरंट लागतं, त्याच्या पत्रपेटीला हात लावायचा तर वॉरंट लागतं, पण या साठ्याचं दार मागून उघडंच आहे.

आणि त्या दारातून कोण कोण डोकावलं, हे गुप्त न्यायालयाच्याच एका निकालपत्रातून मे २०२३ मध्ये बाहेर आलं. एफबीआयने नियम मोडून केलेले शोध २ लाख ७८ हजारांहून जास्त होते. त्यांत ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर चालून गेलेल्या ट्रम्प समर्थकांच्या प्रकरणातले संशयित होते. जॉर्ज फ्लॉइड याच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरलेले १३३ निदर्शक होते. काँग्रेसच्या एका उमेदवाराला देणगी देणारे १९ हजार लोकही होते. उजवे, डावे आणि नुसतेच देणगीदार, सगळे एकाच गाळणीतून गेले होते. इलिनॉयचे रिपब्लिकन खासदार डॅरिन लाहूड यांनी तर आपलंच नाव असं गैररीतीने शोधलं गेल्याचं भर समितीत सांगितलं.

गुप्तचर यंत्रणांची बाजूही पोकळ नाही. २०२२ साली राष्ट्राध्यक्षांच्या हाती रोज पडणाऱ्या गुप्त टिपणातल्या ५९ टक्के नोंदींमध्ये सातशे दोनमधून आलेली माहिती होती. बॉम्ब लावणाऱ्याचा माग काढताना तास महत्त्वाचे असतात, वॉरंटचे कागद तयार करण्यात दिवस जातात, असं त्यांचं म्हणणं. सभापती जॉन्सन यांना ते पटलं. न्यायविषयक समितीत होते तेव्हा ते एफबीआयच्या गैरप्रकारांवर तुटून पडत. सभापती झाल्यावर गुप्त बैठकीत दुसरी बाजू ऐकली आणि मत बदललं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

अमेरिकेच्या या सगळ्या वादाची किल्ली जॉन्सन यांच्या त्या कबुलीत सापडते. आपल्याकडे म्हणतात, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सुनेचे दिवस आले की सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला येतो, पण कपाटं तीच राहतात आणि किल्ल्याही त्याच. जिने काल जुडग्यावरून भांडण काढलं, तीच आज तो घट्ट खोचून हिंडते. वॉशिंग्टनमध्ये हे गेली पन्नास वर्षं चाललं आहे.

सुरुवात एका घरफोडीने झाली. ८ मार्च १९७१ च्या रात्री अख्खी अमेरिका मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या मुष्टियुद्धात गुंतली होती, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी एफबीआयचं छोटं कार्यालय फोडलं आणि फायली उचलून त्यांतले कागद वृत्तपत्रांना पाठवले. विद्यार्थी संघटना, कृष्णवर्णीयांच्या चळवळी, व्हिएतनाम युद्धाचे विरोधक यांच्यात सरकारी खबरे पेरले होते, हे त्या कागदांनी दाखवून दिलं. १९७५ मध्ये आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तार कंपन्यांकडून येणाऱ्या सुमारे दीड लाख तारा एनएसए ही गुप्तचर यंत्रणा दर महिन्याला तपासत होती, असं तिला आढळलं. खुद्द चर्च यांचं नाव त्या यंत्रणेच्या पाळतयादीत होतं. ही गोष्ट उघड झाली २०१३ साली, चर्च वारल्याला जवळजवळ तीस वर्षं झाल्यावर.

त्या चौकशीतून १९७८ चा कायदा आला, गुप्त न्यायालय आलं, आणि घडी बसल्यासारखी वाटली. ११ सप्टेंबर २००१ ने ती विस्कटली. हल्ल्यानंतर ४५ दिवसांत पेट्रिअट कायद्यावर सही झाली. सिनेटमधली मतं होती ९८ विरुद्ध १. तो एकटा नकार विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट रस फाइनगोल्ड यांचा. बुश यांच्या काळात पाळतीवर सर्वांत मोठ्याने ओरडत ते डेमोक्रॅट. त्यांत इलिनॉयचे तरुण सिनेटर बराक ओबामाही होते. पण जुलै २००८ मध्ये पक्षाची उमेदवारी पक्की झाल्यावर ओबामांनी सातशे दोनच्या विधेयकाच्या बाजूने मत टाकलं, आणि पुढे सत्तेत येऊन तो जुडगा आठ वर्षं वापरला.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने कागद फोडले आणि कळलं की कोट्यवधी अमेरिकनांच्या फोनकॉलची नोंद, म्हणजे कोणी, कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, ही रोजच्या रोज सरकारकडे जाते. त्याच्या तीनच महिने आधी सिनेटर रॉन वायडन यांनी ‘लाखो अमेरिकनांची माहिती गोळा होते का’ असं विचारलं होतं, आणि गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी ‘नाही’ म्हटलं होतं. त्या जुलैत हा कार्यक्रम बंद करण्याची दुरुस्ती प्रतिनिधिगृहात २०५ विरुद्ध २१७ ने पडली. तेव्हाही दोन्ही पक्ष असेच फुटले होते. गंमत म्हणजे ज्यांनी पेट्रिअट कायदा मांडला, ते जिम सेन्सनब्रेनर आता तो आवरायला निघालेल्यांत होते. दोन वर्षांनी घाऊक नोंदी गोळा करणं कायद्याने थांबलं.

मग पारडं फिरलं. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या प्रचारातले सल्लागार कार्टर पेज यांच्यावर एफबीआयने पाळत ठेवली होती. न्याय विभागाचे महानिरीक्षक मायकल होरोविट्झ यांनी डिसेंबर २०१९ च्या अहवालात त्या पाळतीसाठी गुप्त न्यायालयाकडे केलेल्या अर्जांतल्या १७ गंभीर चुका आणि गाळलेल्या गोष्टी मोजून दाखवल्या. एफबीआयच्या एका वकिलाने ईमेलचा मजकूर बदलला होता, आणि त्याने गुन्हा कबूल केला. एफबीआय म्हणजे कायदा-सुव्यवस्था, असं पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या रिपब्लिकन मतदाराच्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकली. प्यू या संस्थेच्या पाहणीत २०१९ साली ६३ टक्के रिपब्लिकन सरकार आपल्या माहितीचं काय करतं याची काळजी वाटते असं सांगत होते. २०२३ मध्ये ते ७७ टक्के झाले. डेमोक्रॅट ६५ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

ट्रम्प यांची गोष्ट आणखी मासलेवाईक. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी सकाळी सातशे दोनवर तोफ डागली, दोन-एक तासांत समर्थन केलं आणि आठवड्याभरात नूतनीकरणाच्या विधेयकावर सहीही केली. सत्तेबाहेर गेल्यावर एप्रिल २०२४ मध्ये ‘हा कायदाच मारून टाका’ अशी हाक दिली. तेव्हा सत्तेत होते बायडन, आणि वॉरंटची अट नको म्हणून खासदारांना फोन करत होतं बायडन यांचं व्हाइट हाऊस. शेवटी तोड निघाली ती मुदतीवर. पाच वर्षांऐवजी कायदा दोनच वर्षांसाठी वाढवायचा. पुढचं नूतनीकरण येईल तेव्हा आपला माणूस खुर्चीत असेल, असा नाराज रिपब्लिकनांचा हिशोब होता. पाळत असावी की नसावी हा मुद्दा बाजूला पडला. ती कोणाच्या हाती असावी, यावर सौदा झाला.

माणूस खुर्चीत आला. त्याने राष्ट्रीय गुप्तचर संचालकपदासाठी नाव सुचवलं तुलसी गॅबर्ड यांचं. २०२० साली डेमोक्रॅट खासदार असताना त्यांनी सातशे दोन रद्दच करण्याचं विधेयक मांडलं होतं. नेमणुकीच्या सुनावणीआधी त्यांनी कलमाला पाठिंबा जाहीर केला. एफबीआयच्या प्रमुखपदासाठी आले गुजराती वंशाचे काश पटेल. कार्टर पेज प्रकरणात एफबीआयचं पितळ उघडं पाडायला निघालेल्यांत ते पुढे होते. सुनावणीत त्यांनी सांगितलं की वॉरंटची सक्ती प्रत्यक्षात चालण्यासारखी नाही.

पण कायद्याच्या या रस्सीखेचीकडे बघता बघता एक गोष्ट नजरेतून निसटते. आता कुलूप उघडण्याची गरजच कमी होत चालली आहे, कारण माल बाजारात मांडलेला असतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती १७९१ ची. ब्रिटिश जकातवाले कोरं वॉरंट घेऊन बोस्टनच्या कोणत्याही घरात घुसत, त्या रागातून ती जन्मली. घर, कागदपत्रं, देह आणि चीजवस्तू यांची झडती सबळ कारण आणि नेमकं वॉरंट असल्याशिवाय घेता येणार नाही, असं ती सांगते. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला एक फट पाडली. जी माहिती माणूस आपणहून कंपनीला देतो, तिच्यावर त्याचा खासगीपणाचा हक्क राहत नाही. तेव्हा प्रश्न होता दूरध्वनी कंपनीला कळणाऱ्या क्रमांकांचा. खिशात फोन आला आणि ती फट दरवाजाएवढी झाली.

२०१८ च्या कार्पेंटर खटल्यात ते न्यायाधीशांनाही जाणवलं. दुकानं लुटल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या फोनच्या टॉवरनोंदी पोलिसांनी वॉरंटविना मिळवल्या होत्या. १२७ दिवसांत १२,८९८ ठिकाणं, म्हणजे दिवसाला सरासरी शंभरेक टिंबं. कुठे झोपला, कुठे गेला, सारं त्यात. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने वॉरंट लागेल असा निकाल दिला. पुराणमतवादी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स उदारमतवादी चौघांसोबत गेले.

निकाल होता कंपनीकडून माहिती मागण्याबद्दल. विकत घेण्याबद्दल तो काही बोलला नाही. हवामान दाखवणारं, कूपन देणारं किंवा नमाजाची वेळ सांगणारं अ‍ॅप फोनचं ठिकाण दलालाला विकतं, आणि दलाल ते गिऱ्हाइकाला विकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झालं की ९ कोटींहून जास्त वेळा उतरवून घेतलेल्या ‘मुस्लिम प्रो’ या अ‍ॅपमधली माहिती एक्स-मोड नावाच्या दलालामार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जात होती. बातमी येताच अ‍ॅपने तो व्यवहार तोडला. सरकारी खाती असा माल घेतात आणि तो घेताना नियम पाळत नाहीत, हे गृहसुरक्षा विभागाच्याच महानिरीक्षकांनी २०२३ मध्ये लिहून ठेवलं आहे.

ही फट बुजवणारं विधेयक प्रतिनिधिगृहात १७ एप्रिल २०२४ ला २१९ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर झालं, तेही दोन्ही पक्षांच्या मतांवर. सिनेटमध्ये ते पडून राहिलं. वाट मोकळी केली ती मोंटानाने. रिपब्लिकनांच्या हाती असलेल्या या राज्याने मे २०२५ मध्ये, जी माहिती मागायला वॉरंट लागतं ती पैसे मोजूनही सरकारला घेता येणार नाही, असा देशातला पहिला कायदा केला.

जमवलेली माहिती चाळायला यंत्र लावलं आणि ते चुकलं तर काय होतं, हे डेट्रॉईटजवळच्या फार्मिंग्टन हिल्समधल्या एका कुटुंबाला ठाऊक आहे. जानेवारी २०२० मध्ये एक कृष्णवर्णीय गृहस्थ कामावरून घरी परतले आणि अंगणातच, बायको आणि दोन लहान मुलींसमोर, त्यांना बेड्या पडल्या. डेट्रॉईटच्या एका दुकानातून ३,८०० डॉलरची पाच घड्याळं चोरीला गेली होती. कॅमेऱ्यातलं अंधुक चित्र चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीत घातलं आणि तिने या गृहस्थांच्या वाहन परवान्यावरचा जुना फोटो पुढे केला. चौकशीत समोर ठेवलेलं चोराचं चित्र त्यांनी उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरलं. साम्य नाही हे पोलिसांनाही दिसत होतं. तरी कोठडीत सुमारे तीस तास गेलेच. २०२४ मध्ये शहराने ३ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि निव्वळ यंत्राच्या सांगण्यावरून कोणाला अटक करणार नाही, हे मान्य केलं.

रस्त्यावरच्या खांबांना लावलेले फ्लॉक कंपनीचे कॅमेरे चेहरा नव्हे, गाडी ओळखतात. नंबरप्लेट तर टिपतातच, शिवाय रंग, मॉडेल, टपावरचं कॅरियर, बंपरवरचं स्टिकरसुद्धा. अमेरिकन माणूस बंपरवर आपला पक्ष चिकटवून हिंडतो, हे लक्षात घेतलं की या तपशिलाचं वजन कळतं. एका गावच्या पोलिसाला परवानगी मिळाली तर तो देशभरच्या कॅमेऱ्यांत शोधू शकतो. मे २०२५ मध्ये बाहेर आलं की टेक्सासच्या जॉन्सन काउंटीतल्या अधिकाऱ्याने गर्भपात केलेल्या एका स्त्रीला हुडकण्यासाठी ८३ हजारांहून जास्त कॅमेरे पालथे घातले. गर्भपात जिथे कायदेशीर आहे त्या राज्यांतलेही कॅमेरे त्यात होते. तिच्या जिवाच्या काळजीपोटी शोधलं, असं शेरीफने सांगितलं. डेमोक्रॅट शहरांत खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी ऑस्टिन व इव्हॅन्स्टन यांनी फ्लॉकशी फारकत घेतली. हे कॅमेरे बसवताना तिथल्या नगरसभांनी गर्भपाताचा विचार केलेला नव्हता, विचार होता गाडीचोरांचा. न्यू हॅम्पशर या छोट्या राज्याने मात्र कधीच धोरण ठरवून टाकलं होतं. नंबरप्लेटची नोंद गुन्ह्याशी जुळली नाही, तर तीन मिनिटांत पुसायची.

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत भर पडली ती जोडणीची. सरकारकडे माहिती पूर्वीही होती, पण कर खात्याची वेगळ्या कपाटात आणि आरोग्य योजनेची वेगळ्या. वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये आलेल्या कायद्याने या कपाटांमध्ये भिंती घातल्या होत्या. २० मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने उधळपट्टी आणि फसवणूक रोखण्यासाठी भिंती पाडा असं सांगितलं. एप्रिलमध्ये कर खात्याने स्थलांतरितांचे पत्ते ‘आइस’ला, म्हणजे परदेशी लोकांना शोधून बाहेर काढणाऱ्या यंत्रणेला, देण्याचा करार केला, आणि कर खात्याच्या प्रभारी आयुक्तांनी पद सोडलं. त्याच महिन्यात ‘आइस’ने स्थलांतरितांचा माग ठेवणारी नवी प्रणाली बांधायचं सुमारे ३ कोटी डॉलरचं काम पॅलंटिर कंपनीला दिलं. गरिबांच्या आरोग्य योजनेची यादीही मागितली गेली तेव्हा वीस राज्यं कोर्टात गेली.

डेमोक्रॅट आता नागरी स्वातंत्र्यावर तळमळीने बोलतात. पण इस्रायली मूळ असलेल्या पॅरागॉन कंपनीशी फोनमध्ये शिरणाऱ्या स्पायवेअरचा २० लाख डॉलरचा करार ‘आइस’ने केला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, बायडन यांच्या राज्यात. मग त्यांच्याच सरकारने तो थांबवून ठेवला. ट्रम्प सरकारने २०२५ च्या उन्हाळ्यात फक्त स्थगिती उठवली.

या सगळ्यावर नजर ठेवायला एक स्वतंत्र मंडळ आहे. पाळतीच्या कार्यक्रमांची तपासणी करून जनतेला सांगायचं, हे त्याचं काम. जानेवारी २०२५ च्या शेवटी ट्रम्प यांनी त्यातल्या तिन्ही डेमोक्रॅट सदस्यांना काढलं. उरली एक सदस्य, आणि एकीच्या बळावर गणसंख्या भरत नाही.

अमेरिकी नागरिक निदान भांडू तरी शकतो. अमेरिकेबाहेरच्या परक्याला चौथ्या दुरुस्तीचं छत्र नाही. सातशे दोनचं लक्ष्य कायद्याने तोच. त्यात पुण्या-नागपूरचा माणूसही येतो. शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याचा अनुभव मात्र त्याहून सरळ आहे. व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावं द्यावी लागतात, ती २०१९ पासून. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना ती खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितलं गेलं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आणि तो घेणाऱ्यांच्या जोडीदारांचा एच-४ हेही त्यात आले. म्हणजे लग्न होऊन न्यू जर्सीला निघालेल्या मुलीला मैत्रिणींपुरते ठेवलेले हळदीचे फोटो आधी जगासाठी खुले करायचे आणि मगच मुलाखतीला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या रांगेत उभं राहायचं. तिच्यासाठी कोणाला जुडगा चाळावा लागत नाही. कुलूप तिनेच काढून ठेवलेलं असतं.